किंमत न लिहिलेल्या फ्लॅटला आकडा कसा सांगायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडमध्ये साधारण तीस वर्षं जुन्या सोसायटीतला टू-बीएचके तुम्हाला आवडलाय. जाहिरातीत किमतीच्या जागी ‘प्रत्यक्ष भेटीत’ एवढंच लिहिलंय. एजंटला विचारलं तर तो म्हणतो, ‘तुम्ही तुमचा आकडा सांगा, मी मालकांच्या कानावर घालतो.’ तुमच्या मिस्टरांना ८० लाखांपासून सुरुवात करायचीय; तुम्हाला वाटतं, एवढं कमी बोललो तर मालक पुन्हा दारात उभं करणार नाहीत. रविवारी मालकांची भेट ठरलीय आणि तोवर तुम्हाला एक आकडा हवाय.

आकडा मी देणार नाही, कारण मी ते घर पाहिलेलं नाही. पण तो काढायचा कसा आणि बोलायचा कधी, हे सांगू शकते. मी पुण्यात बावीस वर्षं रीसेल फ्लॅटचे व्यवहार करते. म्हणजे मीही एजंटच, तेव्हा खाली एजंटांबद्दल जे लिहिलंय तो घरभेदीपणा समजा.

‘किती बोलायचं’ हा नंतरचा प्रश्न आहे. आधी हे शोधा की किंमत लिहिली का नाही. जाहिरातीत रकाना रिकामा ठेवण्यामागे प्रत्येक वेळी वेगळं कारण असतं आणि त्या कारणानुसार तुमचा आकडाच नव्हे, तर आकडा सांगायचा की नाही हेसुद्धा बदलतं.

सगळ्यात साधं कारण म्हणजे फोन यावेत. किंमत लिहिली की लोक मनातल्या मनात ‘महाग’ म्हणून पुढे जातात. नाही लिहिली की विचारायला फोन करतात, नंबर मिळतो आणि हा नाही तर दुसरा फ्लॅट दाखवता येतो. इथे मालकाच्या डोक्यात आकडा पक्का असतो आणि तो एजंटला माहीतही असतो. एक जास्त त्रासदायक प्रकारही आहे. मालकाने एजंटला सांगितलेलं असतं, ‘माझ्या हातात इतके पडले पाहिजेत, वरचे तुझे.’ अशा वेळी तुमच्या तोंडून आकडा काढून घेण्यात एजंटचा थेट फायदा असतो. ओळखायची खूण सोपी आहे. तुम्ही मालकाला भेटायचं म्हणता आणि एजंट टाळतो. तुमची रविवारची भेट ठरलीय म्हणजे बहुधा तसं नाही, हे चांगलं.

दुसरं कारण म्हणजे मालकाला विकायचंच नसतं, फक्त भाव काय चाललाय ते बघायचं असतं. असे लोक वाईट नसतात, पण ते तुमचे तीन रविवार खातात. ‘विकून पुढे काय करणार आहात?’ या प्रश्नाला ठाम उत्तर आलं नाही तर समजून जा.

तिसरं कारण कोथरूड, एरंडवणे, कर्वेनगर या भागांत मला सारखं भेटतं. आईवडील गेलेले, घर तीन भावंडांचं, एक इथे, एक बंगळूरला, एक अमेरिकेत. किंमत लिहिलेली नाही कारण तिघांत ती ठरलेलीच नाही. थोरला म्हणतो ९०, अमेरिकेतली बहीण म्हणते सव्वा कोटी, कारण तिने इंटरनेटवर शेजारच्या नव्या टॉवरचा भाव पाहिलाय. काही वर्षांपूर्वी माझ्याकडच्या एका जोडप्याने असाच व्यवहार थोरल्या भावाशी ‘पक्का’ केला, माझं न ऐकता २ लाख टोकन दिलं आणि धाकट्या बहिणीची सही व्हायला आठ महिने लागले. तोवर त्यांचं कर्जमंजुरीचं पत्र मुदतबाह्य झालं होतं. चूक थोडी माझीही होती. मी वारसांची यादी पहिल्या दिवशी मागायला हवी होती, ती मागितली तिसऱ्या आठवड्यात. तेव्हापासून माझा नियम आहे: सह्या करणारे सगळे कोण ते कळल्याशिवाय आकडा तोंडातून काढायचा नाही. भाग प्रमाणपत्रावर, म्हणजे सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर, कोणाचं नाव आहे ते पाहा. ‘मी नॉमिनी आहे’ म्हणणारा मालक असेलच असं नाही. बाकीच्या वारसांनी हक्कसोडपत्र करून ते नोंदवलं असेल तर गोष्ट वेगळी. परदेशातल्या वारसाच्या वतीने कोणी सही करणार असेल तर कुलमुखत्यारपत्र आधी वकिलाला दाखवा.

चौथं कारण रीडेव्हलपमेंट. तीस वर्षं जुनी सोसायटी म्हणालात म्हणून यावर जरा थांबते. जुन्या सोसायटीत बिल्डरची नुसती बोलणी सुरू झाली तरी मालकाला आजच्या ६२० फुटांऐवजी उद्याचे ८०० फूट दिसायला लागतात आणि तो उद्याची किंमत आज मागतो. मग ती जाहिरातीत लिहायची लाज वाटते, कारण आजच्या घराकडे बघून ती पटत नाही. अशा वेळी सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त मागा. नुसती चर्चा आहे, बिल्डर निवडलाय, की विकसन करारनामा नोंदवलाय? या तीन पायऱ्यांमध्ये कित्येक वर्षांचं अंतर पडू शकतं. माझं स्वतःचं मत, आणि सगळे एजंट ते मानत नाहीत: नोंदवलेल्या करारनाम्यात जे आहे तेवढ्याचेच पैसे द्या, गप्पांचे नाही. करारनामा झालेला असेल तर वाढीव क्षेत्र, मधल्या काळाचं भाडं आणि कॉर्पस (बिल्डर देतो ती एकरकमी रक्कम) हे सगळं तुम्हाला मिळणार की आताचा मालक मागे ठेवून घेणार, ते तुमच्या साठेखतात, म्हणजे विक्रीच्या करारात, स्पष्ट लिहून घ्या. शिवाय पाडायला निघालेल्या इमारतीवर कर्ज देताना बँका कां-कू करतात, तेव्हा बँकेला आधी विचारा.

पाचवं कारण सगळ्यांना माहीत असतं, लिहीत कोणी नाही. ‘चेक किती, कॅश किती’ हे जाहिरातीत छापता येत नाही. याला पहिल्याच भेटीत, हसत, पण स्पष्ट उत्तर द्या: ‘आम्ही कर्ज काढतोय, सगळे पैसे बँकेतून.’ स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, हा कायदा बऱ्याच मालकांना ठाऊक नसतो. आणि तुमच्या दृष्टीने साधं गणित असं की बँक कर्ज देते करारातल्या रकमेवर. रोखीचा भाग पूर्ण तुमच्या खिशातून जातो आणि उद्या तुम्ही विकाल तेव्हा खरेदी किंमत म्हणून तो दाखवताही येत नाही.

आता आकड्याकडे. महाराष्ट्रात घर घेणाऱ्याच्या हातात एक हत्यार आहे जे दहातले आठ जण वापरत नाहीत: सूची क्रमांक २, बोलीभाषेत इंडेक्स टू. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर गाव, वर्ष आणि मिळकतीचा सर्व्हे क्रमांक वगैरे घातला की नोंदलेले दस्त शोधता येतात. त्या कागदावर मोबदला म्हणजे प्रत्यक्ष करारात लिहिलेली रक्कम, त्याखाली बाजारभाव म्हणजे सरकारी मूल्यांकन, मग क्षेत्रफळ आणि नोंदणीची तारीख असते. त्याच सोसायटीतले किंवा शेजारच्या इमारतीतले गेल्या वर्ष-दीड वर्षातले तीन-चार दस्त मिळाले तरी पुरे. जाहिरातींच्या पोर्टलवर दिसते ती मागणी. झालेला व्यवहार दिसतो तो इथे.

पण हे कागद वाचताना घसरायला होतं. समजा एक दस्त आहे, ५८ चौरस मीटर, मोबदला ९२ लाख (आकडे उदाहरणापुरते). १ चौ. मी. म्हणजे १०.७६४ चौ. फूट, तर ५८ चौ. मी. झाले ६२४ फूट, आणि दर आला फुटाला साधारण १४,७००. पण हे ५८ कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) आहेत की बिल्ट-अप (भिंतींसकट)? जुन्या करारांत बिल्ट-अप लिहायची पद्धत होती. ते बिल्ट-अप निघाले तर कार्पेट ५२० फुटांच्या आसपास येईल आणि दर फुटाला १७,००० च्या पुढे जाईल. एकाच कागदातून दोन दर निघतात आणि अख्ख्या फ्लॅटच्या किमतीत पंधरा-सोळा लाखांचा फरक पडतो. एजंट ज्याला ‘सेलेबल’ म्हणतो तो तिसराच प्रकार, त्यावर तर काहीच ठरवू नका. टेप घेऊन जा आणि भिंतीच्या आतून मोजा. मालकाला राग येत नाही. उलट हे लोक खरंच घेणार आहेत असं वाटतं.

दुसरं, करारातला मोबदला खऱ्या देवाणघेवाणीपेक्षा कमी असू शकतो, कारण वर सांगितलेला रोखीचा भाग त्यात नसतो. म्हणून मी या आकड्यांना तळ मानते, सरासरी नाही. तिसरं, तारीख बघा. दस्त मार्चमध्ये नोंदला असला तरी भाव बहुधा दोन-तीन महिने आधी ठरलेला असतो.

मग रेडीरेकनर. हे सरकारचे वार्षिक बाजारमूल्य दर. १ एप्रिल २०२५ ला ते राज्यभर वाढले. रेकनरला वरचा मजला, लिफ्ट आणि इमारतीचं वय समजतं, पण समोरच्या मंगल कार्यालयाचा बँड ऐकू येत नाही, आणि टँकर येतो की कॉर्पोरेशनचं पाणी हेही कळत नाही. त्यामुळे तो तुमच्या घराचा भाव नव्हे. तरी दोन कारणांसाठी तो काढूनच जा. मुद्रांक शुल्क करारातली रक्कम आणि सरकारी मूल्य यांतलं जे जास्त असेल त्यावर लागतं. आणि सरकारी मूल्य करारातल्या रकमेपेक्षा १० टक्क्यांहून जास्त असलं तर तो फरक तुमचं उत्पन्न धरून त्यावर कर लागू शकतो. मिस्टरांचे ८० लाख या रेषेच्या वर आहेत की खाली, ते आधी तपासा. खाली असतील तर मालक हो म्हणाला तरी तुमचा फायदा नाही.

तिसरा आकडा तुमच्या घरातला. तो मालकाच्या भेटीआधी, दोघांनी स्वयंपाकघरात बसून ठरवायचा. समजा घर १ कोटीचं. ७५ लाखांवरच्या कर्जाला बँक मालमत्तेच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देते, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० पर्यंत. म्हणजे इथे जास्तीत जास्त ७५ लाख. उरलेले २५ तुमचे. त्यावर पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ७ लाख. नोंदणी फी ३०,०००, त्याहून जास्त नाही. दलाली रीसेलला बहुतेक एक टक्का, म्हणजे आणखी १ लाख. (सोसायटीचा ट्रान्सफर प्रीमियम महापालिका हद्दीत २५,००० रुपयांहून जास्त घेता येत नाही. ‘स्वेच्छा देणगी’ मागितली तर ती स्वेच्छाच ठेवा.) म्हणजे रंगरंगोटीच्या आधी ३४ लाखांच्या आसपास तुमच्याकडे हवेत. फक्त तुमच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, दोघांच्या नावावर नाही. पण तेवढ्यासाठी नावं ठरवू नका, कर्ज दोघांच्या पगारावर असेल तर बँकेचंही काही म्हणणं असतं.

या तिन्हीतून तुमची वरची मर्यादा निघते. ती एका कागदावर लिहा आणि भेटीला जाताना तो कागद घरीच ठेवा.

पहिला आकडा कोणी बोलायचा? ‘जो आधी बोलला तो हरला’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. ज्याच्याकडे माहिती नाही त्याच्यासाठी ते खरं आहे. तुमच्या पिशवीत चार सूची २ असतील तर आधी बोलण्यात काही तोटा नाही. उलट चर्चा तुमच्या कागदांभोवती फिरते, अमेरिकेतल्या बहिणीच्या टॉवरभोवती नाही. तरी पहिला प्रयत्न विचारण्याचा करा. ‘शेवटचं किती?’ असं नाही, ते भाजीवाल्याला विचारतात. ‘तुमची अपेक्षा काय आहे?’ असं विचारा आणि गप्प बसा. पुण्यातले निम्मे मालक त्या शांततेत आकडा सांगून टाकतात.

नाहीच सांगितला तर बोला, पण नुसता आकडा टाकू नका. ‘८० देतो’ हा अपमान वाटू शकतो. ‘मागच्या वर्षी बी विंगमधला दुसऱ्या मजल्याचा ९२ ला नोंदलाय. तुमचा तिसरा आहे आणि लिफ्ट नाही. बाथरूम दोन्ही नवीन करावी लागतील. म्हणून आम्ही ८८ चा विचार करतोय’ हा अपमान नाही, कारण त्याला उत्तर देता येतं. मालक म्हणेल, ‘तो ९२ चा पश्चिमेचा होता, आमचा पूर्वेचा आहे,’ आणि व्यवहार सुरू झाला. माझ्या सवयीने पहिला आकडा माझ्या अंदाजाच्या पाच ते आठ टक्के खाली असतो. वीस-पंचवीस टक्के खाली गेलात तर समोरचा तुम्हाला गिऱ्हाईकच समजत नाही. आणि ‘८५ ते ९२’ असा पल्ला कधीही सांगू नका. त्यातलं फक्त ९२ ऐकू जातं.

हे सगळं मालक कोण, बाजार किती गरम आणि तुम्हाला किती घाई यावर बदलतं. त्याच सोसायटीत दोन फ्लॅट सहा महिने रिकामे पडले असतील तर आठ टक्क्यांऐवजी बारा चालतील. मुलीची शाळा जूनमध्ये सुरू होतेय आणि दुसरं काही आवडत नाहीये, तर तीन टक्क्यांवरून सुरुवात करा आणि त्याची खंत करू नका.

किंमत न लिहिणाऱ्या काही मालकांना पैशांइतकीच दुसऱ्या कशाची तरी काळजी असते, आणि तिचं मोल आकड्यात मोजता येत नाही. एरंडवण्यातल्या एका आजींनी मला शेवटपर्यंत किंमत सांगितली नव्हती. तीन गिऱ्हाईकं आली, तिघांनी चढता आकडा दिला, त्या ‘बघू’ म्हणत राहिल्या. चौथ्या जोडप्यातल्या बाईंनी विचारलं, ‘तुम्ही इथून कुठे जाणार?’ कळलं की नात बारावीला आहे, परीक्षा होईपर्यंत त्यांना हलायचं नव्हतं आणि हे सांगितलं तर भाव पडेल अशी त्यांना भीती होती. त्या जोडप्याने ताबा सहा महिन्यांनी घ्यायचं कबूल केलं, काही रक्कम ताब्याच्या वेळेसाठी राखून ठेवली आणि आधीच्या तिसऱ्या गिऱ्हाइकापेक्षा ३ लाख कमी देऊन घर घेतलं. मी स्वतः त्या घरी पाच वेळा गेले होते, मला हा प्रश्न सुचला नव्हता.

म्हणून तुमचा प्रस्ताव म्हणजे नुसता आकडा नसावा. तोंडी बोलणं झालं की त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर साधा मजकूर पाठवा. त्यात रक्कम, सगळी बँकेतून, कर्ज तत्त्वतः मंजूर असल्याचा उल्लेख, साठेखत किती दिवसांत, ताबा कधी, पार्किंग आणि आतलं फर्निचर धरून की सोडून, सोसायटीची थकबाकी मालकाने भरायची, आणि टायटल सर्च (मालकी हक्काची तपासणी) व सोसायटीची ना हरकत समाधानकारक असेल तरच पुढे, एवढं असू द्या. शेवटी ‘हा प्रस्ताव अमुक तारखेपर्यंत’ असं लिहा. आठ-दहा दिवस ठीक. मुदत नसली की तुमचा आकडा दाखवून दुसरं गिऱ्हाईक वर चढवतात. पार्किंगचे वेगळे ५ लाख मागितले तर विचारा, वाटप सोसायटीने कोणत्या ठरावाने केलंय. बिल्डरला स्टिल्टमधलं (इमारतीखालच्या खांबांमधलं) किंवा उघडं पार्किंग वेगळं विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका प्रकरणात २०१० मध्येच सांगितलंय. जागा उपयोगाची आहे, तिला किंमत आहे, पण ती मालकाची मालमत्ता असल्यासारखे पैसे देऊ नका.

‘दुसरी पार्टी तयार आहे, आज संध्याकाळपर्यंत सांगा’ असा फोन येईलच. कधी तो खरा असतो, कधी नाही. दोन्ही बाबतींत उत्तर एकच द्या: ‘आमचा लेखी प्रस्ताव अमुक तारखेपर्यंत आहे.’ फोनवर आकडा वाढवू नका. टोकन मागितलं तर मूळ कागद पाहिल्यावर, सगळ्या मालकांच्या सहीच्या विसार पावतीवर, चेकने, आणि टायटल साफ नसेल तर परत मिळेल असं लिहून घेऊनच. रक्कम लहान ठेवा. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असली की १ टक्का टीडीएस (मालकाच्या करापोटी कापून सरकारकडे भरायची रक्कम) कापायची जबाबदारी तुमची, हे मालकाला आधीच सांगा, नाहीतर शेवटच्या दिवशी ‘माझे पैसे कापले’ म्हणून वाद होतो. मालकांपैकी कोणी अनिवासी असेल तर तिथे १ टक्क्याचा नियम चालत नाही, कपात बरीच मोठी असते. बैठकीआधीच सीएला फोन करा.

बिल्डरच्या नव्या प्रकल्पात ‘किंमत विनंतीनुसार’ असतं ते मात्र निराळं. तिथे मालकाचं मन वाचायचं नसतं, पूर्ण खर्चाचा तक्ता मागायचा असतो, आणि करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम रेरा कायद्याने घेता येत नाही एवढं लक्षात ठेवायचं.

तर रविवारचं असं करा. शनिवारपर्यंत सूची २ काढा, रेकनरचा आकडा काढा, कागदावरची मर्यादा ठरवा. भेटीला दोघं जा, टेप घेऊन जा. मिस्टरांना ८० हा आकडा गाडीतच विसरायला सांगा. आत गेल्यावर चहा आला तर घ्या, पिशवीतले कागद लगेच बाहेर काढू नका. आधी शेअर सर्टिफिकेटवर नावं कोणाची ते विचारा, मग एरंडवण्यातल्या त्या चौथ्या जोडप्यातल्या बाईंसारखं विचारा की तुम्ही इथून कुठे राहायला जाणार. मालकांनी काय उत्तर दिलं ते मला कळवा, मग आकड्याबद्दल बोलू.